अर्ध्यावर सुटलेल्या शाळेचा हिशेब : मायकेल वेस्ट

(द्वितीय वर्ष, कला)

विम्याचे हप्ते मध्येच थांबले तर पदरात काय पडते, हा प्रश्न आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी कधी ना कधी निघालेला असतो. एखाद्या वर्षी पाऊस दगा देतो, कापसाला भाव मिळत नाही आणि पॉलिसी मोडावी लागते. त्या वेळी हातात येणाऱ्या रकमेला विमा एजंट ‘सरेंडर व्हॅल्यू’ म्हणतात. सुरुवातीला ती फार थोडी असते; पुढे हळूहळू वाढत जाते. विम्याच्या कचेरीतला हा रोकडा शब्द उचलून एका इंग्रज शिक्षणाधिकाऱ्याने तो शाळेतल्या इंग्रजीच्या तासाला लावला. चार वर्षे इंग्रजी शिकून मुलाने शाळा सोडली तर त्याच्या हाती काय राहते? दोनच वर्षांनी सोडली तर? हा प्रश्न विचारणाऱ्याचे नाव मायकेल फिलिप वेस्ट. परक्या मुलांना इंग्रजी वाचायला कसे शिकवावे, कोणते शब्द आधी द्यावेत आणि कोणते मागून, या विषयावर आज जगात कुठेही कोणी लिहू लागला की वेस्ट यांचे नाव घेतल्यावाचून त्याला पुढे जाता येत नाही. आणि त्यांनी हे काम उभे केले ते लंडनमध्ये नव्हे, तर आपल्याच उपखंडात, ढाक्याला.

वेस्ट यांचा जन्म १८८८ साली इंग्लंडमध्ये झाला. शिक्षण मार्लबरो येथील प्रसिद्ध शाळेत आणि पुढे ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च महाविद्यालयात झाले. त्या काळच्या सुखवस्तू इंग्रज मुलाचा हा ठरलेला रस्ता होता, आणि त्याच रस्त्याने १९१२ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, ते इंडियन एज्युकेशन सर्व्हिसमध्ये दाखल होऊन बंगालमध्ये आले. १९०५ साली झालेली बंगालची फाळणी रद्द होऊन दोन्ही तुकडे पुन्हा जोडले गेले ते याच वर्षी. राजधानीही कलकत्त्याहून दिल्लीला हलत होती. राजकीय धामधुमीचा असा तो काळ होता. पण नव्या अधिकाऱ्याच्या वाट्याला आला तो शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा कामाचा गाडा. पुढे ते ढाक्याच्या शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयाचे प्राचार्य झाले आणि १९३२ साली हिंदुस्थान सोडीपर्यंत तिथेच राहिले.

बंगालमधील शाळांची त्या वेळची स्थिती समजून घेतल्याशिवाय वेस्ट यांचे वेगळेपण कळणार नाही. कलकत्ता विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले, आणि तेव्हापासून शाळेची प्रत्येक इयत्ता मॅट्रिकच्या परीक्षेकडे तोंड करून उभी होती. वरच्या वर्गांत गणित, इतिहास सगळेच इंग्रजीतून. १९१७ ते १९१९ या काळात सॅडलर आयोगाने या विद्यापीठाची चौकशी केली, तेव्हा महाविद्यालयात येणाऱ्या मुलांचे इंग्रजी कच्चे असते हे सरकारी कागदावरही आले. त्या आयोगाच्या शिफारशींचा पाठिंबा मिळून १९२१ साली ढाका विद्यापीठ सुरू झाले. आयोगाची चिंता होती ती महाविद्यालयात पोचलेल्या मुलांची. वेस्ट यांचे लक्ष गेले ते तिथे न पोचलेल्यांकडे.

शाळेत नाव घातलेल्या मुलांपैकी फार थोडी मॅट्रिकपर्यंत जातात, बाकीची वाटेतच गळतात, हे सगळ्यांनाच दिसत होते. गळती ही मुलाची किंवा त्याच्या बापाची चूक मानून लोक पुढे जात. वेस्ट यांनी मात्र अभ्यासक्रमालाच हिशेब विचारला. त्यांचा मुद्दा साधा होता. इंग्रजीचा अभ्यासक्रम बांधला आहे तो मजल्यावर मजले चढवल्यासारखा. खालच्या वर्गांत नुसता पाया : वर्णमाला, स्पेलिंग, व्याकरणाचे नियम, पाठ केलेल्या कविता. छप्पर पडणार ते मॅट्रिकनंतर. म्हणजे पायाशीच शाळा सोडणाऱ्या मुलाला पावसात उभे राहायला जागा नाही. त्याच्या चार वर्षांची सरेंडर व्हॅल्यू शून्य. असा अभ्यासक्रम वरच्या चार मुलांसाठी चालवलेला आणि खालच्या शंभरांनी आपल्या फीने, आपल्या वर्षांनी पोसलेला असतो. (हे शेवटचे वाक्य माझे आहे, वेस्ट सरकारी अधिकारी होते, ते इतके तिखट लिहीत नसत.)

इंग्रजीला वाघिणीचे दूध म्हणण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. ते दूध पिऊन गुरगुरणाऱ्यांची चरित्रे आपण शाळेत वाचली. ज्यांच्या ओठापर्यंत भांडे आले आणि काढून घेतले गेले, त्यांची मोजदाद सहसा कोणी केली नाही. आमच्या घरात मी पहिलाच महाविद्यालयात आलो. माझ्या चुलतभावाने सातवीनंतर शाळा सोडली. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे, तेव्हा सात वर्षे तो इंग्रजीच्या तासाला बसला. त्याला एबीसीडी येते, आठवड्याचे वार येतात, एक कविता अजून चालीवर म्हणता येते. कीटकनाशकाच्या डब्यावर मात्र तो पाहतो तो त्रिकोणाचा रंग. लाल असला तर जपून, हिरवा असला तर कमी भीती. त्रिकोणाशेजारी इंग्रजीत जे छापलेले असते ते त्याच्यासाठी नसतेच. वेस्ट यांची पुस्तके मी वाचू लागलो ती कोर्सच्या निमित्ताने नव्हे, या हिशेबापायी.

तर मग अर्ध्यावर सुटणाऱ्या मुलाला थोड्या काळात काय देता येईल? वेस्ट यांचे उत्तर होते, वाचन. बोलणे नंतर, लिहिणे त्याहून नंतर. हे उत्तर त्या काळी चमत्कारिक वाटावे असे होते, कारण युरोपात वारे उलट दिशेने वाहत होते. भाषा आधी कानाने आणि तोंडाने शिकावी, पुस्तक मागून यावे, असे नव्या मताचे पंडित सांगत. त्यांच्यातले अग्रणी हॅरल्ड पामर १९२२ साली जपानच्या शिक्षण खात्याचे सल्लागार म्हणून टोकियोला गेले आणि तिथे त्यांनी तोंडी पद्धतीचा मोठा प्रयोग मांडला. वेस्ट यांनी विचार केला तो बंगालच्या खेड्यातल्या मुलाचा. तो इंग्रजीत बोलणार कोणाशी? त्याच्या गावात इंग्रजी बोलणारा माणूस येत नाही, पण टपालाने पुस्तक येऊ शकते. अर्धेमुर्धे बोलता येणे फारसे उपयोगी नाही. अर्धेमुर्धे वाचता येणे मात्र तेवढ्यापुरते उपयोगी पडते, आणि शाळा सुटल्यावरही ते स्वतःचे स्वतः वाढवता येते. शिवाय बोलायला शिकवायचे तर शिक्षकाला आधी चांगले बोलता आले पाहिजे. खेड्यातल्या शाळेत असा शिक्षक आणायचा कोठून? छापलेल्या पानाचे इंग्रजी मात्र शिक्षकाच्या इंग्रजीवर अवलंबून नसते.

या विचाराची मांडणी त्यांनी १९२६ साली कलकत्त्याहून सरकारतर्फे प्रसिद्ध झालेल्या ‘बायलिंग्वलिझम’ या अहवालवजा ग्रंथात केली. बंगालचे द्वैभाषिकत्व हा त्याचा विषय. त्यात त्यांनी मुलांच्या वाचनाच्या चाचण्या घेतल्या, निकाल मांडले आणि बंगाली माणसाला इंग्रजी नेमके कशासाठी लागते याचा ताळेबंद काढला. मातृभाषेची जागा इंग्रजीने घ्यावी असे त्यांचे म्हणणे नव्हते. घर, भावना, काव्य, धर्म ही मातृभाषेची दालने. माहितीची पुस्तके, शेती, यंत्रे, आरोग्य यांचे ज्ञान मात्र बंगालीत अजून तुटपुंजे, म्हणून तेवढ्यापुरती इंग्रजी वाचनाची खिडकी, असा त्यांचा युक्तिवाद होता.

इथे थांबून एक शंका घेतली पाहिजे. माहितीची पुस्तके बंगालीत नाहीत, तर ती बंगालीत लिहवून घ्यावीत हा सरळ उपाय नव्हे काय? लाखो मुलांना एका परक्या भाषेच्या खिडकीशी नेऊन उभे करण्यापेक्षा काही शेकडा पुस्तके त्यांच्या भाषेत आणणे स्वस्तच पडले असते. वेस्ट ज्या सरकारचे नोकर होते त्या सरकारला हा खर्च सुचणे कठीण होते, आणि वेस्ट यांनीही त्याचा आग्रह धरला नाही. वसाहतीच्या राज्यात वाढलेले हे काम आहे, याचे भान सोडून त्याची स्तुती करता येत नाही. पण खिडकी उघडायचीच असे एकदा ठरल्यावर ती मुलाच्या उंचीला असावी म्हणून त्यांनी जे कष्ट घेतले, त्याला तोड नाही. तिकडे आता वळू.

वेस्ट यांनी शाळांत लागलेली इंग्रजी वाचनपुस्तके तपासायला घेतली. त्यांच्या हाताशी एक नवे साधन आले होते. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२१ साली दहा हजार इंग्रजी शब्दांची एक यादी प्रसिद्ध केली होती. मुलांची पुस्तके, बायबल, अभिजात साहित्य, वर्तमानपत्रे, पत्रव्यवहार यांतले शब्द मोजून कोणता किती वेळा येतो हे त्यात दाखवले होते. या फूटपट्टीने मोजल्यावर वाचनपुस्तकांतले दोन दोष उघडे पडले.

पहिला दोष, शब्दांची निवड. इंग्लंडच्या जुन्या गोष्टी, परीकथा, कवितांचे गद्य यांतून पाठ घेतलेले असल्याने त्यांत जुनाट शब्दांचा भरणा होता. स्थितीसाठी ‘स्टेट’ नाही, ‘प्लाइट’. रीत सांगायला ‘वे’ नाही, ‘मोड’. बेटाला ‘आयलंड’ नाही, ‘आइल’. नोकराला ‘सर्व्हंट’ नाही, ‘ग्रूम’. (हा ग्रूम म्हणजे मोतद्दार. आपल्याला तो शब्द ओळखीचा आहे तो लग्नपत्रिकेतल्या नवरदेवामुळे!) एखाद्या बंगाली मुलाला मंडईत भाजी घेण्यापुरते मराठी शिकायचे आहे आणि आपण त्याच्या हाती पेशव्यांची बखर दिली, असा हा प्रकार. वेस्ट यांनी गोष्टी तशाच ठेवल्या, पण असे शब्द काढून त्यांच्या जागी रोज भेटणारे शब्द घातले.

दुसरा दोष अधिक खोल होता आणि तो त्यांच्याआधी फारसा कोणाच्या नजरेला आला नव्हता. नवे शब्द फार दाटीने येत होते. ओळीओळीला नवा शब्द, आणि एकदा आलेला शब्द पुढे पन्नास पानांत पुन्हा दिसत नाही. मग वाचन होतच नाही. होते ती उकल. शिक्षक एक वाक्य वाचणार, त्यातल्या तीन शब्दांचे अर्थ सांगणार, पुढच्या वाक्याकडे जाणार. मुलाच्या वहीत शब्दार्थ साठतात, डोक्यात गोष्ट शिरत नाही. वेस्ट यांनी नव्या शब्दांत अंतर ठेवले. सुमारे पन्नास ओळखीच्या शब्दांमागे एक नवा शब्द, आणि आलेला शब्द लगेच पुढच्या मजकुरात पुन्हापुन्हा. तीनशे शब्दांचे पान धरले तर त्यात सहाच नवे शब्द. दर दहा शब्दांना एक नवा या हिशेबाने त्याच पानावर तीस झाले असते. सहा आणि तीस यांतला फरक ज्याने पाचवीत इंग्रजीचे पुस्तक उघडून मिटले आहे त्याला वेगळा सांगायला नको.

१९२६ पासून लाँगमन्स कंपनीने ‘न्यू मेथड रीडर्स’ या नावाने ही वाचनमाला काढली. मालेच्या प्रत्येक टप्प्यावर, त्या टप्प्यापर्यंत शिकलेल्या शब्दांतच लिहिलेली पूरक गोष्टींची पुस्तके होती. रॉबिन्सन क्रूसो अशा सोप्या इंग्रजीत आला. कल्पना अशी की चारशे-पाचशे शब्द शिकलेल्या मुलाला त्या शब्दांत पूर्ण झालेले एक आख्खे पुस्तक हातात मिळावे. त्याने शाळा तिथेच सोडली तरी एक पुस्तक इंग्रजीतून वाचून काढल्याचे त्याच्या नावावर राहते. हीच ती सरेंडर व्हॅल्यू. आपल्या ग्रंथालयात दारापाशी खालच्या फळीवर इंग्रजी कादंबऱ्यांच्या बारीक संक्षिप्त आवृत्त्या आहेत. पुठ्ठ्यावर लेव्हल अमुक, शब्द इतके असे छापलेले असते. अभिमानी विद्यार्थी त्यांना हात लावीत नाहीत. त्या सगळ्यांची कुळकथा ढाक्याला जाऊन पोचते.

वर्गात हे पुस्तक वापरायचे कसे, हेही त्यांनी सांगितले. आपल्याकडे प्रश्न धड्याखाली असतात. वेस्ट यांनी ते धड्याच्या आधी ठेवले. मुलाने आधी प्रश्न वाचायचा, मग उत्तर शोधण्यासाठी मजकुरात शिरायचे, तेही मनातल्या मनात. हरवलेली वस्तू शोधणाऱ्याचे डोळे जसे चालतात तसे डोळे चालू लागतात. प्रत्येक शब्दाशी अडून बसत नाहीत. मूकवाचनाचा आणखी एक फायदा साध्या त्रैराशिकाने कळतो. चाळीस मिनिटांचा तास आणि पन्नास मुले. शिक्षक अजिबात बोलला नाही आणि सगळा वेळ मुलांना मोठ्याने वाचायला दिला, तरी एकेकाच्या वाट्याला अठ्ठेचाळीस सेकंद. मूकवाचनात पन्नासही मुले चाळीसही मिनिटे कामात असतात.

मराठी मुलखात इंग्रजी शिकण्याचा रस्ता त्या वेळी वेगळा होता. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आपल्या पणजोबांच्या पिढ्या इंग्रजी शिकल्या. मराठी वाक्याचे इंग्रजी करा, इंग्रजीचे मराठी करा, नियम पाठ करा. ज्याला नेटाने शेवटपर्यंत जाता आले त्याचे इंग्रजी त्या मालेने पक्के केले यात वाद नाही. पण तीही मॅट्रिकच्या चढणीवरची शिदोरी. पहिल्या भागावरच ज्याचे शिक्षण संपले तो इंग्रजीतली एखादी गोष्ट वाचू शके असे म्हणता येणार नाही.

१९२९ साली ‘लँग्वेज इन एज्युकेशन’ हे पुस्तक लिहून वेस्ट यांनी आपले अनुभव विस्ताराने मांडले आणि १९३२ साली ढाका सोडले. इथून त्यांच्या आयुष्याचा दुसरा भाग सुरू होतो. तो पुष्कळसा शब्दांच्या मोजणीत गेला. वाचनमाला लिहिताना त्यांना सारखा भेडसावणारा प्रश्न होता : कोणते शब्द? थॉर्नडाइकच्या याद्या वारंवारिता सांगतात, पण वारंवारिता हा एकच न्याय पुरेसा नाही.

त्याचे एक फळ म्हणजे १९३५ सालचा शब्दकोश. जेम्स एंडिकॉट या चीनमध्ये काम केलेल्या कॅनेडियन मिशनऱ्याच्या साहाय्याने वेस्ट यांनी ‘न्यू मेथड इंग्लिश डिक्शनरी’ तयार केली. इंग्रजी-इंग्रजी शब्दकोशाची आपली नेहमीची फजिती अशी की एका शब्दाचा अर्थ पाहायला जावे तर अर्थात दोन नवे शब्द, त्यांचे अर्थ पाहावे तर आणखी तीन, आणि फिरत फिरत पुन्हा पहिल्याच शब्दापाशी. इंग्रज वाचकासाठी लिहिलेल्या कोशात सोप्या शब्दाचा अर्थ अवघड शब्दांत दिलेला असतो, कारण सोपा शब्द इंग्रजाला ठाऊकच असतो. त्याला व्याख्या हवी असते ती नेमकेपणासाठी. वेस्ट यांनी ठरवले की अर्थ सांगताना वापरायचे शब्द आधीच बांधून घ्यायचे. थोडक्या शब्दांपासून सुरुवात केली, जिथे काम अडले तिथेच एखादा शब्द वाढवला, आणि अखेर १,४९० शब्दांवर ते थांबले. या १,४९० शब्दांत त्यांनी सुमारे २४,००० नोंदींचे अर्थ सांगितले. दीड हजार शब्द ज्याला येतात त्याला चोवीस हजारांचे दार कोणाच्या मदतीशिवाय उघडता यावे, अशी ती किल्ली होती. मास्तर नाही, शाळा नाही, शिकवणी नाही. कोश आणि तो मुलगा. केवळ परकीय विद्यार्थ्याला समोर ठेवून केलेला हा पहिला इंग्रजी-इंग्रजी कोश मानला जातो. ज्या हॉर्नबी यांच्या ऑक्सफर्ड कोशाची थोरली आवृत्ती आपल्या इंग्रजी विभागाच्या कपाटात आहे, तो १९४२ साली टोकियोत पहिल्यांदा छापला गेला, म्हणजे सात वर्षांनी.

याच काळात एक वादळ झाले. केंब्रिजचे सी. के. ऑग्डेन यांनी १९३० साली ‘बेसिक इंग्लिश’ जाहीर केले. अवघ्या ८५० शब्दांत सगळे इंग्रजी, त्यांत क्रियापदे फक्त अठरा. जगभर गाजावाजा झाला. वेस्ट यांनी १९३४ साली सहकाऱ्यांसह त्याची परखड चिकित्सा केली. शब्द कमी केले की भाषा सोपी झाली, हा हिशेब वरवरचा आहे. ‘पुट’ आणि ‘गेट’ या दोन धातूंना निरनिराळी शेपटे जोडून पन्नास अर्थ काढायचे, तर शिकणाऱ्याला ते पन्नास अर्थ शिकावेच लागतात. यादीत मात्र दोनच शब्द दिसतात. माझ्या मते वेस्ट यांची बाजू बरोबर होती. ऑग्डेन यांना भाषा छोटी करायची होती, वेस्ट यांना तिच्याकडे जाणारी पायरी.

ऑक्टोबर १९३४ मध्ये कार्नेगी कॉर्पोरेशनच्या साहाय्याने न्यूयॉर्कला शब्दनिवडीवर परिषद भरली. वेस्ट, पामर, थॉर्नडाइक एका टेबलाशी बसले. बोलणे आधी की वाचन आधी, या प्रश्नावर दोन टोकांना असलेले पामर आणि वेस्ट इथे एकत्र काम करू लागले, कारण दोघांनाही शब्द मोजण्याची गरज सारखीच होती. १९३६ साली परिषदेचा अंतरिम अहवाल निघाला. मग महायुद्ध आले. पामर १९४९ साली वारले. तपशिलाची भर घालून, अर्थांची मोजणी जोडून, वेस्ट यांनी १९५३ साली अंतिम यादी प्रसिद्ध केली, ‘अ जनरल सर्व्हिस लिस्ट ऑफ इंग्लिश वर्ड्‌स’. सुमारे दोन हजार शब्द.

या यादीची खुबी तिच्या आकारात नाही. एकाच शब्दाचे निरनिराळे अर्थ किती टक्के वेळा येतात, हे तिच्यात शब्दागणिक दिले आहे. ‘बँक’ म्हणजे पैशाची पेढी आणि ‘बँक’ म्हणजे नदीचा काठ. ‘फाइन’ म्हणजे छान आणि ‘फाइन’ म्हणजे दंड. शिक्षक सहजच एका तासात दोन्ही अर्थ सांगून मोकळा होतो आणि मुलाच्या डोक्यात दोन्ही गुंततात. कोणता अर्थ आज शिकवायचा आणि कोणता दोन वर्षांनी, हे यादी सांगते. निवडीतही त्यांनी केवळ आकडा पाहिला नाही. शब्द शिकायला सोपा आहे का, त्याच्यावाचून एखादी गोष्ट सांगताच येत नाही असे आहे का, दुसऱ्या शब्दाने त्याचे काम भागते का, तो फार ग्रांथिक किंवा फार भावनेने भिजलेला नाही ना, हेही तोलले. हे तोलणे यंत्राचे नव्हे. वीस वर्षे बंगालच्या वर्गांत काढलेल्या माणसाचे.

दोन हजार शब्दांनी साधारण इंग्रजी मजकुरातले सुमारे ८० टक्के शब्द ओळखीचे होतात, असे पुढच्या मोजण्यांत दिसले. आकडा मोठा वाटतो. पण उरलेले वीस टक्के म्हणजे दर पाचवा शब्द अनोळखी, दहा शब्दांच्या ओळीत दोन. एवढ्या खड्ड्यांच्या रस्त्यावर गाडी पळत नाही. म्हणूनच वेस्ट यांनी नुसती यादी देऊन मुलांना बाजारात सोडले नाही. त्या यादीत बसणारी पुस्तके आधी लिहिली.

१९६० साली, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, त्यांनी एक छोटे पुस्तक लिहिले. नावाचा अर्थ होतो, कठीण परिस्थितीत इंग्रजी शिकवणे. शिक्षणशास्त्राची पुस्तके बहुधा वीस मुलांच्या प्रशस्त वर्गाची कल्पना करून लिहिलेली असतात. वेस्ट यांच्या पुस्तकातला वर्ग चाळीस-पन्नास मुलांचा आहे, बाकांवर दाटीवाटीने बसलेला, उकाड्याने बेजार. मुलांची तयारी एकसारखी नाही. शिक्षकालाच इंग्रजी बोलण्याची खात्री नाही. हा वर्ग अपवाद नसून जगातला नेहमीचा वर्ग हाच आहे, असे धरून त्यांनी उपाय सांगितले. बोलायला किती इंग्रजी पुरेल याचाही हिशेब केला आणि बाराशे शब्दांची एक यादी जोडली.

त्यातली एक युक्ती इतकी साधी आहे की तिला पद्धत म्हणायचा संकोच वाटतो. मुलाने पुस्तक छातीपाशी धरावे. वाक्याचा एक तुकडा डोळ्यांनी वाचावा, तोंडाने नाही. मग मान वर करावी आणि समोरच्या सोबत्याकडे पाहून तो तुकडा त्याला सांगावा. पुन्हा पुस्तकात पाहावे, पुन्हा मान वर. बोलताना पुस्तकाकडे पाहायचे नाही, एवढाच नियम. डोळे पुस्तकावरून उचलणे आणि तोंड उघडणे यांमध्ये जो क्षणभर वेळ जातो त्यात ते शब्द मुलाला मनात धरून ठेवावे लागतात. शिकणे होते ते त्या क्षणात. आपण वर्गात धडा मोठ्याने वाचतो तेव्हा शब्द डोळ्यांतून थेट जिभेवर जातात, मधल्या घरात कोणी नसते. ज्या शिक्षकाला स्वतःला इंग्रजी बोलता येत नाही त्याच्याही वर्गात ही युक्ती चालते, कारण वाक्य पुस्तकातले असते. आम्ही चौघांनी वसतिगृहाच्या गच्चीवर पंधरा दिवस ती करून पाहिली. पहिल्या दिवशी चार शब्दांच्या पलीकडे तुकडा टिकत नव्हता. पंधराव्या दिवशी पूर्ण वाक्य टिकू लागले. आमचे इंग्रजी सुधारले असा दावा नाही, पण मान वर करायला भीती वाटेनाशी झाली.

वेस्ट यांच्यावर टीकाही पुष्कळ झाली. वाचनाला पहिली जागा देऊन त्यांनी वसाहतीतल्या मुलांना मुके ठेवले, असे कोणी म्हटले. सोप्या केलेल्या गोष्टींतून साहित्याचा रस निघून जातो, अशी साहित्याच्या प्राध्यापकांची तक्रार असते आणि ती खरी आहे. सोप्या क्रूसोत बेट आहे, मूळ पुस्तकातला एकांत नाही. शिवाय मुले शाळा सोडतात ती पुस्तक अवघड म्हणून तेवढीच नव्हे. घरी हात कमी पडतात म्हणूनही. पन्नास शब्दांमागे एक नवा शब्द ठेवल्याने कापूस वेचायला माणूस मिळत नाही. ढाक्याच्या प्राचार्यांनी ती गळती गृहीत धरून हिशेब मांडला. ती थांबवणे त्यांच्या वाचनमालेच्या हातात नव्हते.

मायकेल वेस्ट १९७३ साली वारले. १९७८ साली लाँगमनचा नवा मोठा शब्दकोश निघाला. त्यातले सगळे अर्थ सुमारे दोन हजार निवडक शब्दांत सांगितलेले आहेत आणि त्या निवडीचा आधार वेस्ट यांची १९५३ ची यादी हाच आहे. २००० साली न्यूझीलंडमध्ये अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी महाविद्यालयीन पुस्तकांत वारंवार येणाऱ्या ५७० शब्दकुलांची यादी केली, तीही वेस्ट यांच्या दोन हजार शब्दांच्या पुढून सुरू होते. २०१३ साली संगणकाने कोट्यवधी शब्द मोजून त्यांच्या यादीला नवा पर्याय तयार करण्यात आला, आणि त्याला नाव देताना जुन्याच नावाआधी ‘न्यू’ एवढा शब्द जोडला गेला.